चॅम्पियन झाल्यानंतरचे अकरा भाग

मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, की हे आज एका कार्टूनच्या शेवटावर बोलणार आहेत. त्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा हसले. हसा, आजोबा. पण लांबलेली गोष्ट धड संपवणं किती अवघड असतं, हे ज्यांच्या घरी रोज संध्याकाळी मालिका लागतात त्यांना मी सांगायला नको. नवरा मरतो, परत येतो, चेहरा बदलून येतो, आणि मग टीआरपी घसरला की एका शनिवारी सगळ्या घराला एका सोफ्यावर बसवून फोटो काढतात. संपली मालिका!

ते कार्टून म्हणजे पोकेमॉन. पोकेमॉन म्हणजे माणसांनी पकडायचे, पाळायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे अद्भुत प्राणी. जपानमध्ये ते १ एप्रिल १९९७ला सुरू झालं. आपल्याकडे हिंदीत आलं २००३च्या सुमारास. आमच्या पिढीची मुलं शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात भिरकावून टीव्हीसमोर बसायची, चिप्सच्या पुड्यातले टाझो जमवायची, त्यावरून मारामाऱ्या करायची. नायक ॲश, वय वर्षं दहा. जपानीत तो सातोशी, ज्या व्हिडिओ गेमवरून हे कार्टून निघालं, त्याचे जनक सातोशी ताजिरी यांच्या नावावरून. त्याला पोकेमॉन मास्टर व्हायचंय. म्हणजे नेमकं काय व्हायचंय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही. आम्ही आपलं धरून चाललो होतो, की मोठी स्पर्धा जिंकली की मास्टर.

आणि हा पठ्ठ्या हरायचा. पहिल्या मोठ्या स्पर्धेतला, म्हणजे इंडिगो लीगमधला तो सामना मला पूर्ण बघायलाच मिळाला नाही. तालुक्याचं गाव, संध्याकाळचं भारनियमन. ॲशने चारीझार्ड बाहेर काढला आणि दिवे गेले. चारीझार्ड म्हणजे आग ओकणारा ड्रॅगन, तेव्हा आता जिंकलोच अशा खात्रीने मी अंधारात जेवलो. दुसऱ्या दिवशी आतेभाऊ म्हणाला, "अरे, तो मैदानात आडवा होऊन झोपला. लढलाच नाही. ॲश हरला." मला वाटलं थापा मारतोय. आम्ही चार दिवस बोललो नाही. पुढे पुनःप्रक्षेपणात बघितलं, तर खरंच झोपला होता.

मग हे चालूच राहिलं. प्रदेश बदलायचे, टोपी बदलायची, सोबती बदलायचे, हरणं तेवढं कायम. सिनो प्रदेशात समोरच्याने डार्कराय नावाचं असं काही उतरवलं, की ते बघून मी टीव्ही बंद केला. २०१६मध्ये कालोसच्या अंतिम फेरीत हरला, तेव्हा जगभरातले तिशीकडे झुकलेले लोक लहान मुलांसारखे चिडले. त्यांत मी होतो. २०१९मध्ये अलोलाची लीग जिंकला, तर आम्हीच नाक मुरडलं: तिथली पहिलीच लीग, त्यात काय एवढं! इतकी वर्षं हरल्यावर माणसाला जिंकलेलंही गोड लागत नाही.

११ नोव्हेंबर २०२२ला मात्र कुणाला नाक मुरडायला जागा राहिली नाही. जगातले आठ निवडक खेळाडू, त्यांत स्टीव्हन आणि सिंथिया यांना हरवून ॲश अंतिम फेरीत, आणि समोर अजिंक्य म्हणून नाव असलेला लिऑन. ॲशचा पहिला पोकेमॉन पिकाचू, त्याच्या अंगातलं त्राण संपत आलेलं. त्या क्षणी ॲशने आजवर सांभाळलेले सगळे पोकेमॉन पिकाचूला दिसू लागतात, जणू मागून त्याला ढकलत असल्यासारखे. शेवटी समोर पडतो तो कोण? चारीझार्ड! लिऑनचा, पण चारीझार्डच. मी आतेभावाला फोन लावला. आता तो दोन मुलांचा बाप आहे. म्हणाला, "या वेळी दिवे गेले नाहीत ना?"

मालिका इथे थांबवली असती तरी कुणी तक्रार केली नसती. हजार-बाराशे भाग झाले होते, करंडक हातात होता. डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं, की ॲश आणि पिकाचूची गोष्ट आता संपतेय, आणि जानेवारी ते मार्च २०२३ असे निरोपाचे अकरा भाग दाखवले. माझ्या मते खरा शेवट त्या अकरा भागांत आहे, आणि त्यांत स्पर्धा नावाला नाही. ॲश घराच्या दिशेने फिरत निघालाय, पहिले सोबती मिस्टी आणि ब्रॉक परत भेटतात, लहानसहान प्रसंग घडतात. काहींना ते फार संथ वाटले. असतीलही. मला ते वाण्याची वही घेऊन बसल्यासारखे वाटले: कुणाचं काय देणं राहिलंय, ते बघायला.

देणी बरीच होती. पहिल्याच दिवशी ॲशने मिस्टीची सायकल उचलली आणि पिकाचूच्या विजेने ती जळून कोळसा झाली. सायकल भरून दे, म्हणून ती कित्येक वर्षं मागे लागली होती. ते देणं मधेच कधीतरी फिटलं. मोठं देणं होतं पिजॉटचं. पिजॉट हा ॲशचा पक्षी. १९९९च्या सुरुवातीच्या एका भागात त्याला जंगलातल्या लहान पाखरांच्या राखणीला ठेवून ॲश म्हणाला होता, एवढं एक काम उरकलं की परत येतो. आणि आलाच नाही. त्यानंतर तो कितीदा घरी आला, आईच्या हातचं जेवला, पुन्हा निघाला. पिजॉटचं नाव नाही. बघणाऱ्यांच्या मनात ते सलत राहिलं, चोवीस वर्षं. त्या अकरा भागांत पिजॉट परत येतो. माझी सात वर्षांची पुतणी शेजारी बसली होती. तिला पिजॉट कोण, हेही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "काका, कबुतर आलं म्हणून रडतोस?" कबुतर नाही गं, पण सांगणार कुठून!

शेवटच्या भागात ॲशचे बूट फाटलेले दिसतात. चालून चालून तळ गेलेले. दहा वर्षांचाच राहिलेला मुलगा, ना उंची वाढली ना आवाज फुटला, पण बुटांनी मात्र सगळी वर्षं मोजली. आवाजाचं म्हणाल, तर जपानीत रिका मात्सुमोतो या बाईंनी पहिल्या भागापासून शेवटपर्यंत ॲशला आवाज दिला. मास्टर म्हणजे काय, याचं उत्तरही इथेच येतं. ॲशला उमगतं, की त्याला जगातल्या सगळ्या पोकेमॉनशी दोस्ती करायचीय, आणि मास्टर होणं म्हणजे तेच. म्हणजे अजून झालेला नाही. आकाशात इंद्रधनुष्य असतं. पहिल्या भागातही होतं: पावसात भिजलेला, मार खाल्लेला पोरगा आणि त्याला पहिल्यांदाच आपलं म्हणणारा पिकाचू, त्यांच्या डोक्यावर. मग नवे बूट घालून दोघं निघतात, वाट फुटते तिथे काठी उभी करून सोडतात, पडेल त्या दिशेला पळत सुटतात.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायचाय, म्हणून एकच सांगतो. वहीतलं सगळं काही फिटलं नाही. पिजॉटला सोडून ॲश ज्या कामासाठी गेला होता, ते काम म्हणजे एक सोनेरी-चंदेरी गोळा आणायचा. जीएस बॉल. तो कुठल्याच उपायाने उघडत नाही, आत काय आहे कुणाला कळत नाही. ॲशने तो जोटो प्रदेशातल्या कर्ट नावाच्या कारागीर आजोबांकडे तपासायला दिला. त्यानंतर त्याचं नाव निघालं नाही. आत सेलेबी नावाचा पोकेमॉन निघणार होता, पण त्याच्यावर वेगळा चित्रपट झाला आणि हा धागा सोडून दिला, असं मालिका करणाऱ्यांपैकीच एकाने पुढे सांगितलं. निरोपाच्या अकरा भागांतही त्या गोळ्याचा विषय नाही. कर्ट आजोबा अजून तपासतायत.