समेवर पडणारा हात

(दृश्य: दुपारची वेळ. कडीला टांगलेली लुगड्याची झोळी. आवाज फक्त पंख्याचा.)

झोळीतलं बाळ तीन महिन्यांचं आहे. आजी झोका देते आणि गुणगुणते. कुठल्या तरी पाळण्याच्या दोन ओळी, मग नुसतंच ‘जो जो’, मध्येच दारातल्या भाजीवालीला ‘थांब गं जरा’, की पुन्हा ‘जो जो’. सूर म्हणाल तर तोही थोडा घसरलेलाच. भाजीवालीशी बोलतानाही झोका मात्र एकदाही चुकलेला नाही.

(दृश्य: बाळाच्या पाठीवर थोपटणारा हात.)

या वयात ताल कळतो का? 2009 साली बुडापेस्टमध्ये इश्तवान विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि त्यांच्या मेंदूतले विद्युत्तरंग टिपले. अधूनमधून ठेक्यातला पहिला, वजनदार ठोका गाळला. आपल्या भाषेत सांगायचं तर सम गाळली. आलेखात लगेच खळबळ उमटली. हलके ठोके गाळले, तेव्हा तसं काही झालं नव्हतं. जन्मून दोन दिवस झालेल्या जिवाला, तेही झोपेत, सम कुठे यायची ते ठाऊक होतं. मैफलीत भलतीकडेच मान डोलावणाऱ्या आम्हा मोठ्यांबद्दल न बोललेलं बरं.

पोटात असल्यापासूनच बाळाचे कान कामाला लागलेले असतात. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ते आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. शब्द स्पष्ट पोचत नाहीत. आईच्या बोलण्यातले चढउतार पोचतात, तिच्या काळजाचे ठोके पोचतात. बाहेर आल्यावर थोपटणाऱ्या हातात बाळाला ओळखीचं काही सापडत असेल, तर नवल नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. कुकर. जमिनीवर बसलेलं आठ महिन्यांचं मूल.)

मॉन्ट्रियलमधला एक प्रयोग प्रत्येक घराच्या कामाचा आहे. सात ते दहा महिन्यांची मुलं, घरची भाषा फ्रेंच. समोर खेळणं नाही, आई दिसत नाही. त्यांना कधीही न ऐकलेल्या तुर्की भाषेतलं बोलणं ऐकवलं, तर ती सुमारे चार मिनिटांत कुरकुरायला लागली. तुर्कीच गाणं लावलं, तेव्हा नऊ मिनिटांच्या आसपास शांत राहिली. शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. नऊ मिनिटं म्हणजे किती, ते ज्या आईला एकटीने वरणभात लावायचा असतो तिला विचारा.

(दृश्य: नवजात अतिदक्षता विभाग. काचेच्या पेटीतलं इवलंसं बाळ.)

इथे आवाज म्हणजे यंत्रांची टुकटुक. अमेरिकेतल्या 11 रुग्णालयांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या 272 बाळांवर एक अभ्यास झाला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या ठोक्यांसारखा आवाज काढणारी छोटी लाकडी पेटी आणि अंगाई. अंगाई कोणती, तर आईवडिलांच्या जिव्हाळ्याचं एखादं गाणं, पाळण्याच्या चालीत संथ केलेलं. बाळांच्या हृदयाची गती उतरली. पेटीबाहेर उभ्या असलेल्या आईवडिलांचा ताणही हलका झाला. मला यातली ही दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. बाळाला हातात घेता येत नाही, तेव्हा गाणं एवढंच करता येतं.

(दृश्य: दुकानातल्या फळीवर ‘हुशार बाळासाठी’ संगीताच्या सीडी.)

आता हे. मोझार्ट ऐकवा, बाळ बुद्धिमान होईल, असं सांगणारा धंदा ज्या प्रयोगावर उभा राहिला, तो 1993चा. त्यात बाळ एकही नव्हतं. कॉलेजचे 36 विद्यार्थी होते, आणि आकृत्यांच्या कोड्यांतली त्यांची किंचितशी चमक 10-15 मिनिटांत विरली होती. तरी 1998 साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी पैसा मागितला! सीडी लावू नका असं नाही. पण बाळाने हुंकार दिला म्हणून सीडी थांबत नाही. आजी थांबते, त्याच्याकडे बघते, तोच हुंकार त्याला परत देते.

(दृश्य: डहाणू तालुका. कोसबाडची टेकडी. अंगणवाडीत गोल बसलेली मुलं.)

याच परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

आज इथे नावांचा खेळ चालला आहे. सु-म-ती, तीन टाळ्या. मी-रा, दोन. बोललेला शब्द असा तुकड्यांत मोडता येतो, हे मुलाला पाटीच्या आधी हातांनी कळतं. पुढे वाचताना हीच फोड उपयोगी पडते.

कोपऱ्यातला तो मुलगा बघा. ताईंनी त्याला दोनदा नाव विचारलं, तो बोलला नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. गोलातल्या प्रत्येकाचं नाव वाजवत त्या त्याच्यापर्यंत आल्या आणि हात वर धरून थांबल्या.

(आवाज: दोन टाळ्या. क्षणभर शांतता. मग तिसरी, जरा उशिरा.)