जुन्या इंजिनाचा जोड

सांगली-मिरज पट्ट्यात जुन्या गाड्या जिवापाड जपणारी माणसं पुष्कळ आहेत. कुणाची कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरची) बुलेट, कुणाची येझदी, कुणाची आरएक्स हंड्रेड. आणि बुलेट म्हटली की खाली तेलाचा डाग असायचाच, हे बहुतेकांनी मनाशी धरूनच ठेवलंय. आम्हाला ते मान्य नाही. नीट बांधलेलं जुनं इंजिन कोरडं राहतं. फक्त ते काम जोड बंद करणाऱ्या सीलंटची ट्यूब उघडण्याच्या बरंच आधी सुरू होतं.

कुपवाडच्या या गॅरेजमध्ये टेबलावर बुलेटचं चेंबर, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो ते इंजिनाचं खालचं खोकं, उघडलंय. उभे दोन भाग, मधे पॅकिंग (जोडात बसवायचा कागदी थर) नाही, धातूवर धातू. ऑइलची टाकीही याच चेंबरमध्ये ओतलेली, म्हणजे गाडी उभी असली तरी तेल जोडाला टेकलेलं असतं. आधी कुणीतरी हा जोड सिलिकॉननं बांधला होता. आतल्या कडेनं शेवयांसारखे लोंबणारे लाल तुकडे दिसतायत ना, ते त्याचेच. जोड आवळला की सिलिकॉन जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं. बाहेरचं आपण पुसतो. आतलं सुटतं, तेलात फिरतं आणि जाळीत किंवा ऑइलच्या भोकात जाऊन बसतं.

मिस्त्री जुना थर काढतायत. हातात पितळी पट्टी आहे, स्क्रू ड्रायव्हर नाही, कारण ॲल्युमिनियमवर आडवा ओरखडा पडला की तेलाला वाट मिळाली. बोल्टच्या भोकाभोवतीची कड वर्षानुवर्षं आवळून वर उठलेली असते, तीही बसवावी लागते. साईड कव्हर असेल तर जाड काचेवर इमरी पेपर ठेवून, आठचा आकडा काढत घासतात. चारी बाजूंनी सारखी चकाकी आली की कव्हर सपाट झालं. चेंबरचे भाग मात्र असे घासायचे नाहीत. तिथं धातू कमी झाला की क्रँकची आडवी ढिलाई बदलते. शेवटी थिनर आणि स्वच्छ फडकं. तेलाचं बोटही नंतर लागू द्यायचं नाही.

आता ट्यूब. धातूवर धातू असलेल्या जोडाला मिस्त्री ॲनरोबिक सीलंट लावतात. हवा तुटली आणि धातू भेटला की ते घट्ट होतं. आत दाबलं गेलेलं जास्तीचं ओलंच राहतं आणि तेलात मिसळून जातं. पण फट साधारण पाव मिलिमीटरच्या आत हवी. सिलिकॉनचं उलट. त्याला हवेतली ओल लागते, म्हणून कृष्णाकाठच्या पावसाळ्यात त्यावर लवकर साय धरते आणि हात उरकावा लागतो. पत्र्याच्या कव्हरला, जिथं फट मोठी आहे तिथं, ते चालतं. पेट्रोल लागतं तिथं कधीच नाही, कारण पेट्रोलनं ते फुगतं आणि मऊ पडतं. कार्बोरेटरजवळ सिलिकॉनची ट्यूब आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हायलोमार नावाचं सीलंट रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांसाठी तयार झालं. ते कडक होत नाही, चिकट राहतं, त्यामुळे पुन्हा उघडाव्या लागणाऱ्या जोडाला बरं. आणि आपल्या बापजाद्यांचं शेलॅक. ती लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. मिरजेचे सतारमेकर ज्या लाखेचं पॉलिश सतारीला देतात, तीच लाख इथं कागदी पॅकिंगला पातळ हात म्हणून लागते. अजूनही तिचं काम चोख आहे.

टायमिंग कव्हरशी, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या झाकणाशी, थोडं थांबू. बुलेटमध्ये ऑइल या कव्हरमधून क्रँकच्या टोकात जातं आणि तिथून बिगएंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, बुशला. पॅकिंगमधलं हे बारीक भोक त्याचीच वाट. गाडीचा मालक, कॉलेजातला पोरगा, शेजारी उभा आहे.

“मामा, जरा जास्त लावा की. परत गळायला नको.”

“जास्त लावून दाबल्यावर ते जाणार कुठं, भावा? आतच की.”

बोटावर नुसती चकाकी दिसेल एवढाच थर, आणि भोकाभोवती तोही नाही. ते भोक बुजलं तर बाहेर एक थेंब पडणार नाही, पण बुश जळेल. पॅकिंग टाकून देऊन नुसत्या सीलंटवर कव्हर बसवणंही चूक. पॅकिंगची जाडी आतल्या ढिलाईच्या हिशोबात धरलेली असते.

आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये चेंबर गळणं आणखी वाईट. तिथं जोडातून हवा आत ओढली जाते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून बांधून झाल्यावर कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं अशी दोन्ही तोंडं बंद करून पाच-सहा पीएसआय दाबाची हवा भरायची आणि जोडावर साबणाचं पाणी फिरवायचं.

एवढं करूनही बुलेट गळते कधी कधी. तेव्हा दोष जोडाचा नसतो. पिस्टन खाली येताना चेंबरमधली हवा दाबतो, ती ब्रीदरच्या नळीतून बाहेर जायला हवी. नळीच्या टोकाचं रबर चिकटलं की तीच हवा तेलाला प्रत्येक जोडातून ढकलते, मग सीलंट कुठलंही असो. म्हणून गळणारी बुलेट दारात आली की मिस्त्री आधी ती नळी काढून फुंकून बघतात, पाना त्यानंतर.