हाफ प्लेटवरचा गोवा

(दृश्य : कळंगुटचा रस्ता. शोभेच्या वस्तूंचं दुकान, बाहेर फुटपाथवर मांडलेला माल.)

जहाजाची चाकं, होकायंत्रं, ग्रामोफोनचे कर्णे, आणि या सगळ्यांच्या मधोमध हमखास एक कॅमेरा. लाकडी पेटी, पितळी नळी, तीन पायांची तिवई, सगळं लखलखीत. पर्यटक त्याच्याजवळ उभे राहून मोबाईलवर फोटो काढतात. त्या कॅमेऱ्याने मात्र आजवर एकही फोटो काढलेला नाही, आणि काढणारही नाही. तो शोभेसाठीच घडवलाय.

खऱ्याची परीक्षा मागच्या बाजूने करावी. पाठीला दुधी काच आहे का? ती काच स्प्रिंगवर मागे सरकते का, म्हणजे तिच्या जागी प्लेटचा, मसाला लावलेल्या काचेचा, डबा आत जाईल? मधला भाता उघडतो का? बाजूची पितळी कळ फिरवली की दातेरी पट्टीवरून लेन्स पुढे सरकते का? ही उत्तरं ‘हो’ असली तर मग किंमत विचारायची. आणि पितळ आरशासारखं चमकत असेल तर जरा जपूनच. जुन्या पितळावर लाखेचा पातळ, मधासारखा थर असतो. दुकानदार तो घासून काढतात आणि गिऱ्हाईक त्या चमकेचे पैसे मोजतं.

(दृश्य : टेबलावर बंद पेटी. हात ती उघडतात. भाता बाहेर येतो.)

हा खरा. हाफ प्लेट. पावणेपाच इंच बाय साडेसहा इंच, एवढी याची निगेटिव्ह. मोबाईलच्या पडद्याहून मोठी. लहान निगेटिव्हमधून फोटो मोठा करावा लागतो, इथे निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढाच छापला तरी अल्बमात लावण्याजोगा होतो. आपल्या आजी-आजोबांच्या लग्नाचे, शाळेच्या वर्गाचे, नाटक मंडळींचे जे फोटो भिंतीवर टांगलेले असतात, त्यातले कितीतरी याच मापाच्या काचेवर उतरले. गोव्यात हे काम जुनं आहे. एकोणिसावं शतक संपत होतं तेव्हा पणजीत, म्हणजे त्या वेळच्या नोव्हा गोवात, सौझा अँड पॉल या फोटोग्राफरांचं नाव होतं.

विलायतेहून थॉर्नटन-पिकार्ड, सँडरसन असे कॅमेरे हिंदुस्थानात येत. पण मला भेटलेला सगळ्यात कामसू कॅमेरा केरळचा आहे. वागीश्वरी. आलप्पुळाचे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात तो बनवायला सुरुवात केली. घरचा धंदा वाद्यदुरुस्तीचा. पेटीचा भाता बांधणाऱ्या हातांना कॅमेऱ्याचा भाता अवघड गेला नाही. सागवानाचं अंग, पितळेचे सांधे. विलायती महोगनीपुढे तो थोडा बोजड दिसतो हे खरं, पण कोकणच्या पावसात सागवान काय करतं हे आपल्याला सांगायला नको. देखणेपणासाठी घ्यायचा तर सँडरसन घ्या. काम करायचं तर माझं मत वागीश्वरीला.

(दृश्य : फोंडा. हार्मोनियम दुरुस्तीचं छोटं दुकान. आत चामड्याच्या पट्ट्या टांगलेल्या.)

म्हणूनच याचा भाता फाटला की फोटोच्या दुकानात जाऊन उपयोग नाही. फोंड्याला भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी कॅमेऱ्याचा भाता पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा सवयीने कानाशी नेला आणि दाबला. हवा सुटते का ते ऐकायला. “काका, यात हवा नाही, उजेड अडवायचाय.” ते म्हणाले, “मग सोपं आहे रे. हवा जास्त वात्रट.” काळोख्या खोलीत आत विजेरी पेटवून ठेवली आणि भात्याच्या घड्यांवर जिथे जिथे चांदणी दिसली तिथे त्यांनी पातळ चामड्याचे तुकडे चिकटवले. कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त. घडी तिथेच मोडते.

वर्षानुवर्षं मिटून ठेवलेला भाता घडीवर आधी मोडतो. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या चार महिन्यांत बंद कपाटात जे काही असेल त्याला बुरशी येते. चपलांना येते, पुस्तकांना येते, लेन्सलाही येते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की समजायचं. फार दिवस राहिले तर त्या धाग्यांतून सुटणारं आम्ल काचेवर कायमचं कोरलं जातं, मग पुसून काही होत नाही. बुरशीला काळोख हवा, ओल हवा आणि साचलेली हवा हवी. थोडक्यात, तिला आपलं कपाट हवं.

संग्राहक मंडळी इथे सिलिका जेलच्या पुड्या आणि ओल काढणारी विजेची कपाटं घेतात. घ्यावीत. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिली तर लेन्स वाचते. पण गणपतीच्या दिवसांत वीज किती वेळा जाते ते पाहता मी एकट्या त्या कपाटावर विसंबणार नाही. कॅमेरा कामाला लावावा. लेन्सला ऊन लागतं, भाता उघड-मीट होतो, शटरमधलं तेल जागेवर गोठत नाही, वाळवी लागली तर वेळेत दिसते. काचेच्या कपाटात चाळीस कॅमेरे मांडून ठेवणारे माझे मित्र आहेत. त्यांचं प्रेम मोठं, पण त्यांतल्या अर्ध्या कॅमेऱ्यांचे भाते हात लावला की पापडासारखे तुटतात.

(दृश्य : लेन्सवरचे आकडे, अगदी जवळून.)

कामाला लावताना एक खोच लक्षात ठेवायची. जुन्या लेन्सवर चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट असे आकडे असतात. हे आजचे एफ-आकडे, म्हणजे लेन्सचं छिद्र किती बारीक ते सांगणारे आकडे, असतीलच असं नाही. एका जुन्या पद्धतीत चार म्हणजे आजचा एफ-आठ आणि चौसष्ट म्हणजे एफ-बत्तीस. दोन्हीकडे सारखा आकडा एकच, सोळा. लेन्सवर आठाच्या पुढे अकरा असेल तर आकडे आजचे, सोळा असेल तर हिशेब बदला.

(दृश्य : मंगेशी. पहाट. आवारात माणसं तुरळक.)

देवस्थानाला आधी विचारून ठेवलेलं. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे त्यांचं म्हणणं आणि ते रास्तच. आपल्याला दीपस्तंभ हवाय. सात मजली, पांढराशुभ्र. मोबाईल वर करून याचा फोटो घेतला की स्तंभ वरती निमुळता होत मागे पडतोय असं वाटतं, कारण मोबाईलबरोबर त्यातला सेन्सरही मागे कलतो. इथे कॅमेऱ्याला मान वर करावी लागत नाही. पाठ ओळंब्यात सरळ ठेवायची आणि पुढची लेन्स तेवढी तिच्या चौकटीत वर सरकवायची. दुधी काचेवर चित्र उलटं पडतं, म्हणून लेन्स वर गेली की स्तंभाचा कळस काचेच्या खालच्या कडेने आत येतो. बाजू शेवटपर्यंत समांतर. गवंड्याने बांधला तसा.

फुकट काही मिळत नाही. लेन्स फार वर नेली की काचेचे कोपरे काळवंडतात, कारण जुन्या लेन्सचं प्रकाशाचं वर्तुळ बेताचंच असतं. मग छिद्र बारीक करत जायचं. एफ-बत्तीस. तेवढं केलं की उजेड आत घ्यायचा वेळ वाढतो आणि वेळ वाढला की वारा आठवतो. हा उघडा भाता वाऱ्यात शिडासारखा भरतो, म्हणून पहाट. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तिवई गुंडाळून घरी जावं.

काळ्या कापडाखाली मार्च महिन्यात काय होतं ते ज्याने त्याने अनुभवावं. तीन मिनिटांत चष्म्यावर आणि दुधी काचेवर वाफ. आम्ही कापड दुहेरी शिवलंय, आतून काळं आणि बाहेरून पांढरं. पांढरं ऊन परतवतं. एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “बाबा, फोटो व्हॉट्सॲपवर कधी येणार?”

आता फिल्म. स्तंभ पांढरा, मागे निळं आकाश. ज्या फिल्मला निळा रंग जास्त दिसतो तिच्यावर हे आकाशही पांढरं उतरतं आणि पांढऱ्यावर पांढरा स्तंभ विरघळून जातो. जुन्या फोटोंतली कोरी आकाशं आठवा. म्हणून इथे सगळे रंग पाहणारी फिल्म, इल्फर्डची एफपी-फोर, आणि लेन्सवर पिवळी काच. पिवळी काच निळा अडवते, आकाश करडं होतं, स्तंभ उठून दिसतो. वेळ दुप्पट. इल्फर्ड वर्षातून एकदा विचित्र मापांच्या फिल्मच्या ऑर्डरी घेते, हाफ प्लेट तेव्हा मिळते. महाग आहे. म्हणून रोजच्या कामाला दुसरी सोय.

(दृश्य : काळोखी खोली. लाल दिवा. कातरीखाली मोठी फिल्म.)

एक्स-रे फिल्म. हो, दवाखान्यातलीच. आठ बाय दहा इंचाच्या एका फिल्ममधून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. दोन्ही बाजूंना मसाला असतो, त्यामुळे नखाचा ओरखडाही उमटतो. ट्रेच्या तळाला काच ठेवून, हात हलके ठेवून धुवायची. तिला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल दिव्यात काम करता येतं. साधी फिल्म ठार काळोखात, चाचपडत धुवावी लागते. इथे चित्र डोळ्यांसमोर उमटतं.

नळाचं पाणी अठ्ठावीस-तीस अंश. पुस्तकं सगळी वीस अंशांची. गरम पाण्यात फिल्मवरचं जिलेटीन फुगतं, मऊ पडतं, बोट लागलं तर सालीसारखं सुटतं. ट्रेखाली बर्फाचं पाणी ठेवायचं, डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, पातळ घ्यायचा, आणि शेवटच्या फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात, तुरटी. घरातली तुरटी. ती जिलेटीन घट्ट करते.

(दृश्य : पेडणे तालुका. जत्रेची पहाट. देवळाच्या मंडपात दशावताराचा प्रयोग संपतोय.)

आणि ही फिल्म आम्ही जिच्यासाठी जपून ठेवतो ती जागा. रात्रभर चाललेला दहीकाला संपत आलाय. नट मंडळी पुसट झालेल्या रंगानिशी बाहेर येतात. चहा मागवलेला असतो. कपाळावर कुंकवाचे पट्टे, ओठांना लाली, डोळ्यांत काजळ.

लाल न दिसणाऱ्या फिल्मला हे सगळं काळं दिसतं. कुंकू काळं, ओठ काळे, मागची चिऱ्याची भिंत जवळजवळ काळी. १८७३ साली हर्मन फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवा रंग दाखवला, पण लाल दिसायला पुढे बरीच वर्षं गेली आणि स्टुडिओवाले जुन्याच प्लेटी वापरत राहिले. आपल्या पणजीआजीच्या फोटोत कपाळावर काळा टिळा दिसतो तो याचमुळे. तिने लालच लावलं होतं.

सूर्य उगवताना घाई करू नये. त्या वेळचा उजेड तांबूस, म्हणजे उजेड मोजणारा मीटर जेवढा दाखवतो त्यातला बराचसा या फिल्मच्या दृष्टीने नाहीच. ऊन जरा वर येऊ द्यायचं आणि नटाला मंडपाच्या सावलीत बसवायचं, जिथे आभाळाचा निळसर उजेड पडतो. चेहरा जवळून घ्यायचा म्हणून भाता लांब ताणलाय. साडेआठ इंची लेन्स, साडेअकरा इंचांवर. भात्याच्या लांबीला लेन्सच्या इंचांनी भागायचं आणि वर्ग करायचा. पावणेदोनच्या वर काहीतरी येतं. वेळ तेवढ्या पट.

“काका, श्वास सोडा आणि तसेच राहा.”

“किती वेळ?”

“दोन सेकंद.”

ते हसले. रात्रभर राजा होऊन उभ्या राहिलेल्या माणसाला आम्ही दोन सेकंद मागत होतो. लेन्सचं टोपण काढलं, एक, दोन, टोपण परत. शटर लागतच नाही. जुन्या शटरचा रबरी फुगा आमच्या हवेत कडक होऊन गेलेलाच असतो, आणि दोन सेकंद मोजायला टोपणाइतकं विश्वासू यंत्र दुसरं नाही.

डोळे हलले नाहीत. खांद्यावरचा शेला किंचित हलला, तो निगेटिव्हवर धुरासारखा आलाय. कोणी म्हणेल चूक. मला तो शेला आवडतो, म्हणून ठेवलाय.

(दृश्य : गच्ची. दुपार. काचेच्या चौकटीत कागद आणि निगेटिव्ह.)

छापायला डार्करूम नको. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड पाण्यात विरघळवून कागदाला ब्रशने लावायचं, काळोखात वाळवायचं, वर निगेटिव्ह, वर काच, आणि उन्हात. १८४२ साली जॉन हर्शलने शोधलेली ही रीत. नंतर कागद नळाखाली धुतला की निळा फोटो. गोव्याच्या उन्हाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, ढग आले तर अंदाजाने थांबायचं.

दोन प्रती काढल्या. एक पेडण्याला पाठवायची आहे. काकांनी फोटो लॅमिनेट करून मागितलाय. लॅमिनेशनच्या गरम रोलरने त्या कागदाचं काय होईल, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.