मधलं वर्ष

(लघुमाहितीपट: निवेदन)

[दृश्य: न्यायालयाबाहेरचं टेबल, रंगीत छत्री, प्रिंटरमधून सरकणारा कागद]

जूनचा दुसरा आठवडा. पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाबाहेर हे टेबल सकाळी दहाला लागतं. ड्रॉवरमध्ये फायली आहेत: भाडेकरार, नावात बदल, उत्पन्न, गॅप. प्रवेशाचे दिवस सुरू झाले की शेवटच्या फायलीला उसंत नसते.

टायपिस्ट समोरच्या मुलाला विचारतो, “किती वर्षांचा?”

“एक.”

“कारण?”

मुलगा जरा थांबतो. “घरगुती टाका.”

शिक्षणात वर्षाचा खंड पडला की पुढच्या प्रवेशाच्या वेळी हा कागद, म्हणजे गॅपचं प्रतिज्ञापत्र, मागतात. मजकूर ठरलेला असतो. मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, या कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही, मी कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हतो. खाली सही, नोटरीचा गोल शिक्का, लाल सील. टाइप करण्यापासून शिक्का बसेपर्यंत सगळं आम्ही सलग चित्रित केलं. चहा गार व्हायच्या आत काम होतं.

हा मुलगा वर्षभर साताऱ्याकडे मामाच्या रोपवाटिकेत होता. आंब्याची कलमं बांधायला शिकला. कोणती काडी घ्यायची, पट्टी किती आवळायची, कलम धरलं हे किती दिवसांनी कळतं, हे तो आम्हाला हातवारे करून सांगत होता. प्रतिज्ञापत्रात यातलं एक अक्षर नाही. वर्षभरात काय केलं नाही तेवढंच तिथं लिहायचं असतं. काय केलं, त्यासाठी ओळच नाही. ती ओळ असायला हवी. या माहितीपटाची मागणी हीच आहे आणि ती आम्ही सुरुवातीलाच मांडतो आहोत.

कायद्यानं बंधनकारक नसेल तिथं प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालेल, असा निर्णय राज्य सरकारनं २०१५ सालीच घेतला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं त्यापुढं जाऊन शिक्षण मध्येच थांबवून परत येण्याची वाट मोकळी केली. मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) सात वर्षांपर्यंत जपून ठेवणारी व्यवस्था उभी राहिली. म्हणजे धोरणाला खंड मान्य आहे. कॉलेजच्या खिडकीत आणि घराच्या ओट्यावर तो अजून मान्य व्हायचा आहे.

[दृश्य: हॉस्टेलची खोली, कॉटवर पसरलेले कागद, लॅपटॉप]

ही मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्नर तालुक्यातली. नाव सांगायचं नाही या अटीवर तिनं आम्हाला फेब्रुवारीपासून बरोबर येऊ दिलं. कॅम्पसमधून तिची एका सॉफ्टवेअर कंपनीत निवड झाली आहे. ऑफर लेटर हातात आहे, रुजू व्हायची तारीख मात्र कळवलेली नाही. आधीच्या बॅचमधली काही मुलं अशीच कित्येक महिने घरी बसून होती, हे तिला ठाऊक आहे.

तिला एक वर्ष हवंय. ते नोकरीतही घालवायचं नाही आणि परीक्षेच्या अभ्यासातही नाही. मशीन, शेती, पाणी यांपैकी कशात आपला जीव रमतो ते हातानं करून बघायचंय. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षांत वेल्डिंगचा जॉब तिनं एकटीनं पुरा केला तो एकदाच. एरवी गटात पाच-सहा जण असायचे आणि यंत्रावर हात एकाचा.

तिनं हे पहिल्यांदा घरी सांगितलं ते फोनवर. आम्ही तेव्हा समोर होतो, पण कॅमेरा बंद ठेवला होता. आईचा पहिला प्रश्न होता, “लोकांना काय सांगायचं?”

[दृश्य: नवी पेठ, पहाटे. अभ्यासिकेचा जिना, चपलांचा ढीग, आत निळ्या प्लायवूडचे कप्पे]

लोकांना सांगता येईल असं वर्ष इथं मिळतं. नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रोड. चोवीस तास उघडी असलेली अभ्यासिका, भाड्याची खुर्ची, कॉट बेसिसवरची खोली, खाणावळीचं कार्ड. पहाटे साडेपाचला पोह्यांच्या गाडीभोवती जी गर्दी दिसते, त्यातले बरेच जण पदवीनंतरचं पहिलं, दुसरं किंवा चौथं वर्ष इथं काढतायत.

केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी २०२३ साली दहा लाखांहून जास्त अर्ज आले. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ते सुमारे ५ लाख ९२ हजार. अंतिम यादीत नावं होती १,०१६. हे आकडे इथल्या प्रत्येकाला पाठ आहेत आणि तरीही ही मुलं इथं आहेत. त्यांच्या कष्टाबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. रात्री दीड वाजता पुस्तकावर डोकं टेकून झोपलेला हा मुलगा परभणीहून आला आहे, त्याच्या घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून त्याला इथं ठेवलं आहे.

पण एक गोष्ट इथं बोलायलाच हवी. अभ्यासिकेतल्या ज्या मुलांशी आम्ही बोललो, त्यांना घरून हे वर्ष मागावं लागलेलंच नव्हतं. परीक्षेचं नाव घेतलं की वर्ष आपोआप मिळतं. तेच वर्ष ‘मला अजून ठरवायचंय’ म्हणून मागितलं तर घरात वाद होतो. खर्च दोन्हीकडं सारखाच, वयही तितकंच पुढं सरकणार. परीक्षेचं वर्ष घेणाऱ्यांनाही आपल्याला हे खरंच हवंय का, हे तपासायला सहा महिने कोणी दिले असते तर त्यातले कितीजण या खुर्चीवर बसले असते, असा प्रश्न आम्हाला इथं रात्र काढताना सारखा पडत राहिला.

[दृश्य: भारत सेवक समाजाचं आवार, जुनी झाडं]

याच शहरात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून कायमचे परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतलं: वर्षभर देश हिंडून बघा आणि तोवर जाहीर राजकीय मत मांडू नका. पुढच्याच महिन्यात गोखले गेले. गांधीजी तेव्हा शांतिनिकेतनात होते. वचन त्यांनी पाळलं. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून फिरले, कुंभमेळ्याला हरिद्वारला गेले, आणि काशीच्या हिंदू विद्यापीठात त्यांचं ते गाजलेलं भाषण झालं ते फेब्रुवारी १९१६ मध्ये, वर्ष पुरं झाल्यावर.

गांधीजी तेव्हा पंचेचाळिशीचे होते, मोठा लढा देऊन आलेले होते. आपल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण आम्हाला इथं गोखले महत्त्वाचे वाटतात. हाती घ्यायचं काम एवढं मोठं असताना एका वडीलधाऱ्या माणसानं आपणहून म्हटलं, आधी वर्षभर बघ. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांकडून हे वाक्य ऐकू येत नाही.

[दृश्य: शिक्रापूर–राजगुरुनगर रस्ता, मे महिन्यातलं करडं माळरान. घुमटांच्या इमारती]

पाबळ. तालुका शिरूर. मस्तानीच्या समाधीचं गाव म्हणून लोकांना माहीत असतं. पाऊस कमी, उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इथं विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, पुढं मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी, आणि पन्नाशी ओलांडल्यावर हे गाव. शाळा सुटलेल्या मुलांना हातानं काम करत शिकवायचं, एवढं धरून त्यांनी सुरुवात केली. इथला एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आजही मुळात त्या मुलांसाठीच आहे. शेती-पशुपालन, ऊर्जा, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य, सगळं प्रत्येकानं करायचं. पदवीधर मुलंमुली इथं येतात ती काही काळ राहून काम करायला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा, याच गावात उभी राहिली.

आपली मुलगी इथं आठवडाभरासाठी आली आहे, निव्वळ बघायला.

[दृश्य: ग्राइंडरच्या ठिणग्या. क्लोज-अप: टेप, खडू, लोखंडी अँगल]

लोखंडी अँगलचे त्रिकोण जोडत घुमट उभा करायचा आहे. आधी अँगलवर खडूनं खूण करायची, मग कटर. कापलेली कड घासायची, नाहीतर तळहात चिरतो. मग भोकं. भोकाची जागा पंचनं ठोकून घ्यावी लागते. तसं केलं नाही तर ड्रिलचं टोक घसरतं आणि भोक बाजूला पडतं. प्रत्येक तुकड्यात चूक असते दोन-तीन मिलिमीटरचीच, पण ती साठत जाते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला टॉलरन्स स्टॅकअप म्हणतात. पहिल्या रांगेत बोल्ट सहज बसतात. वरच्या रांगेला पोचेपर्यंत अँगल एकमेकांशी भांडायला लागतात.

शेवटचा बोल्ट बसत नाही, तो हा क्षण. तिनं मोजलं, पुन्हा मोजलं. शेजारी उभा असलेला सतरा वर्षांचा मुलगा, नववीत शाळा सोडून इथं आलेला, म्हणाला, “ताई, खालचे सगळे बोल्ट आधी सैल करा. पूर्ण आवळायचे नसतात ते.”

सगळे सैल केले. सांगाडा किंचित हलला आणि भोकं समोरासमोर आली.

[दृश्य: निवेदन थांबतं. सांगाड्यावर चढलेली मुलं, पाना एकमेकांकडे देणारे हात]

संध्याकाळी तिनं वहीत लिहिलं ते तिच्या परवानगीनं वाचतो: “टॉलरन्स स्टॅकअपवर मला पेपरात दहापैकी नऊ मार्क होते. आज तो दिसला.”

पुढच्या दिवसांत तिनं शेळ्यांचं खाद्य मोजून घातलं, सोलर ड्रायरमध्ये कांद्याच्या चकत्या वाळवल्या, एक पाण्याचा पंप उघडून पुन्हा जोडला. पंप चालला नाही. तो का चालला नाही, हे शोधायला तिला परत यायचं होतं. निर्णय झाला तो तिथंच, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य: घराची पडवी, वडील चष्मा लावून पावतीच्या पाठीमागे हिशेब करताना]

वडील गावातल्या पतसंस्थेत क्लार्क आहेत. त्यांनी कागद काढला. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज बँकेचं आहे. शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, व्याज मात्र चढत राहतं. ते व्याज किती, हे त्यांनी पेन्सिलनं काढलं आणि आकडा तिच्यापुढं सरकवला. “हे तू भरायचं. मी नाही.”

ती म्हणाली, “भरते, आप्पा. शिकवण्या घेते.”

आईनं विषय बदलला. जवळच्या गावातलं एक स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, त्यांना नोकरी करणारी मुलगी हवी आहे. वर्ष गेलं तर ते थांबायचे नाहीत. मुलींच्या बाबतीत या वर्षाची किंमत अशी लागते, आणि हे घर त्याला अपवाद नाही.

धाकटा भाऊ बारावीला आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देणार. पहिल्यांदा जमलं नाही तर ड्रॉप घ्यायचा, हे घरात आधीच ठरलेलं आहे. बहिणीनं ते बोलून दाखवलं. आप्पा म्हणाले, “त्याच्यापुढं परीक्षा आहे.” ती म्हणाली, “माझ्यापुढं चाळीस वर्षांची नोकरी आहे.” आप्पांनी चष्मा काढला. बराच वेळ कोणी बोललं नाही. आम्ही चित्रीकरण चालू ठेवलं, कारण त्यांनी थांबा म्हटलं नाही.

मग त्यांनी अट घातली. दर महिन्याच्या एक तारखेला, त्या महिन्यात काय केलं ते लिहून पाठवायचं. फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर नाही. कागदावर, पोस्टानं.

[दृश्य: एसटी, टपावर बांधलेली पेटी. नंतर पाबळ, पावसानंतरचं हिरवं]

ऑगस्टमध्ये ती पाबळला आली. कंपनीचं रुजू होण्याचं पत्र ऑक्टोबरात आलं, ते तिनं नाकारलं. स्थळ मोडलं. आईनं दोन महिने अबोला धरला होता, तो दिवाळीला सुटला.

एक तारखेचं पहिलं पत्र दोन पानांचं होतं. त्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं पाणी ढकलणारं चाक, झिजला होता, नवा मिळेना, म्हणून लेथवर करून बघितला. पाणी चढलं, पण धार बारीक आहे. इम्पेलर आणि बाहेरचं कवच (केसिंग) यांच्यामधली फट जास्त राहिली असावी. शेवटी शिकवण्यांतून जमलेली रक्कम आणि बँकेत भरलेलं व्याज, दोन्ही आकडे.

पत्र पोचलं त्या संध्याकाळी आप्पांनीच फोन केला. जेवलीस का, हे विचारून झालं. मग म्हणाले, “ती फट किती ठेवायला पाहिजे होती गं?”