इंदूरचं कोण?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘इंदूरची नामवंत माणसं’. त्यांची यादी मी वाचणार नाही, ती इथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. लताबाई, 28 सप्टेंबर 1929, शीख मोहल्ला. राहुल द्रविड, 11 जानेवारी 1973. आणि शेजारी महूला बाबासाहेब, 14 एप्रिल 1891. ही नावं घेताना माझीही मान ताठ होते. पण मागे एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलं तयारीनं आली होती आणि एकामागून एक हीच तीन नावं सांगत होती. मी एका मुलीला विचारलं, “बाळा, लताबाई गाणं कुठे शिकल्या?” ती गोंधळली. तिचा काय दोष! तिला जन्माची तारीख दिली होती, पुढचं कोणी दिलंच नव्हतं.

लताबाई गाणं शिकल्या वडिलांकडे, इंदूर सोडून गेल्यावर. द्रविडची बॅट घडली बंगळूरला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी महूच्या छावणीत नोकरीला होते, म्हणून महू. माझं म्हणणं एवढंच की शहराची मिळकत मोजायची असेल तर इथे कोण शिकलं, कोणी शिकवलं आणि बाहेरून आलेल्या कोणाला या गावानं आपलं म्हटलं, ते बघा. चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांबद्दल बोलायलाच मी उभा आहे. पण समोर होळकर संस्थानचा क्रिकेट संघ बघितलेली दोन-तीन मंडळी बसली आहेत, तेव्हा आधी कर्नलसाहेब, म्हणजे सी. के. नायडू.

नायडू जन्मानं नागपूरचे. 1923 साली महाराज तुकोजीराव होळकरांनी त्यांना इथे बोलावलं, फौजेत हुद्दा दिला, आणि ते इंदूरचे झाले ते 1967 साली इथेच डोळे मिटेपर्यंत. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हाचा कप्तान हाच माणूस. आपला मुश्ताक अली तर इथलाच पोरगा, लहानपणीच कर्नलच्या नजरेत भरला. 1936 साली मँचेस्टरला विजय मर्चंटबरोबर 203 ची सलामी देऊन त्यानं 112 काढले. परदेशात भारतीयानं ठोकलेलं ते पहिलं कसोटी शतक.

आता 1945 चा मार्च घ्या. रणजीची अंतिम लढत, ब्रेबॉर्न, समोर मुंबई. महायुद्धामुळे इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता, तो होळकरांकडून उतरला. मुंबई 462, आपण 360. मग मुंबई पुन्हा 764! मर्चंट एकटा 278. जिंकायला 867 हवेत. दुसरा संघ असता तर सामान बांधायला लागला असता. मुश्ताकनं दुसऱ्या डावातही शतक काढलं आणि कॉम्प्टन 249 वर नाबाद राहिला. कॉम्प्टन पुढे सांगत असे की एका धनिकानं त्याला शंभरीनंतरच्या प्रत्येक धावेला शंभर रुपये कबूल केले होते, आणि सामना संपल्यावर तो गृहस्थ तातडीच्या कामाला कलकत्त्याला निघून गेला! (हशा) आपण 492 वर आटोपलो, 374 धावांनी हरलो. पण त्या हरण्यातून काय उभं राहिलं बघा. पुढच्याच वर्षी बडोद्याला हरवून रणजी इंदुरात आली. त्या अंतिम सामन्यात पन्नाशीतल्या कर्नलनी 200 काढले. 1945 ते 1955 या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरी आणि चार वेळा विजेतेपद, एका संस्थानच्या संघाचं!

आणि तो दातांचा किस्सा सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. 1951-52 ची अंतिम लढत, पुन्हा मुंबई, कर्नल छप्पन्न वर्षांचे. दत्तू फडकरचा चेंडू उसळून तोंडावर बसला, दात पडले. लोक धावले. यांनी सगळ्यांना परत पाठवलं आणि पुन्हा स्टान्स घेतला. अशा माणसाच्या हाताखाली चंदू सरवटे तयार झाले. सागरचा जन्म, पण शेवटपर्यंत इंदूरकर. वकील, बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ, आणि 1946 साली ओव्हलवर शूट बॅनर्जीबरोबर शेवटच्या जोडीला 249 धावा. दोघांचीही शतकं, दहाव्या आणि अकराव्या नंबरच्या! हे नाव त्या मुलीला कोणी सांगितलं होतं का?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरली आहेत. तर देवळालीकर.

दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 मध्ये इथे चित्रकलेची शाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचेच, जन्म 1910 चा, देवळालीकरांचे विद्यार्थी. 1950 साली बडोद्याला ललितकला विभाग सुरू झाला, तिथे बेंद्रे शिकवायला गेले आणि 1966 पर्यंत राहिले. आज बडोद्याच्या चित्रकलेचं जगभर नाव घेतात, त्या घराण्याचा एक धागा सरळ आपल्या गल्लीत येतो. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन इथे वाढले, त्यांच्या हातात कुंचला आला तोही इथेच. डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर, सगळी त्याच मास्तरांची माणसं. चिंचाळकर गुरुजी तर वाळकं पान, काटकी, तुटका तुकडा उचलायचे आणि त्यातून चेहरा काढून दाखवायचे. मुलं तोंडाचा आ करून बघत राहायची.

गवई उस्ताद अमीर खाँसाहेबांवर स्वतंत्र व्याख्यान हवं. वडील शहामीर खाँ होळकर दरबारात, सारंगी वाजवणारे. मुलगा सारंगीवरून गळ्याकडे वळला आणि त्यानं विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालाला एवढा अवकाश दिला की आज देशभर ‘इंदूर घराणं’ म्हणतात. गावाच्या नावाचं घराणं आहे, आणि आपल्या यादीत खाँसाहेब नाहीत. शरच्चंद्र मुक्तिबोध, मराठी कवी, जन्म इंदूरचा. त्यांचे थोरले भाऊ गजानन माधव हिंदीतले मोठे कवी. एका मराठी घरात दोन भाषांचे दोन कवी, यावर मला बोलायचं होतं, पण वेळ नाही.

एवढंच मागतो. चिंचाळकर गुरुजींकडे बसलेली, सरवटेंकडून क्रिकेटचे चार धडे घेतलेली माणसं अजून या शहरात आहेत. काही या सभागृहातही असतील. कार्यक्रम संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे. नाव, फोन आणि कोणाकडे काय शिकलात, तेवढं लिहा. मी आणि दोन विद्यार्थी घरी येऊन तुमचं बोलणं रेकॉर्ड करू. पुढच्या वर्षी शाळेतल्या मुलांना तीच यादी द्यायची आहे.