जुन्या टॅबला उसनी रॅम

(दृश्य: कोल्हापूर, राजारामपुरी, संध्याकाळ. मोबाईल दुरुस्तीचं दुकान.)

जून उजाडला, शाळा सुरू व्हायच्या बेतात आल्या, की घरातला जुना टॅब कपाटातून बाहेर निघतो. पोराच्या अभ्यासाला तेवढाच आधार. पण एक धडा उघडायला पाच मिनिटं लागतात, आणि मग टॅब दुकानात येतो.

“दादा, ह्याची रॅम वाढवून देता काय?”

रॅम म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवायची जागा. ती वाढत नाही. ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. मग कुणीतरी सुचवतं, टॅब रूट करू, म्हणजे कंपनीनं घातलेली कुलपं काढून सिस्टीमचा पूर्ण ताबा घेऊ, आणि स्टोरेजमधली एक जीबी जागा रॅमच्या कामाला लावू. याला स्वॅप म्हणतात. नव्या फोनच्या जाहिरातीत ‘८ + ८ जीबी’ लिहितात, त्यातले दुसरे ८ असेच स्टोरेजमधून घेतलेले.

जुन्या टॅबवर हे करू नका, असं आम्हाला अगदी मनापासून सांगायचंय.

(दृश्य: उघडलेला टॅब, बोर्डावरच्या चिपा जवळून.)

महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाईकामागं मार्केट यार्डातल्या गोदामात जाऊन माल आणावा लागला तर काय होईल? स्वॅपमध्ये तेच होतं. रॅम सेकंदाला काही जीबी माहिती देते. जुन्या टॅबमधली ईएमएमसी, म्हणजे फोटो, ॲप कायम साठवणारी स्टोरेज चिप मात्र लहान लहान तुकडे विखरून लिहायची वेळ आली की सेकंदाला जेमतेम काही एमबीवर येते, आणि स्वॅपचं काम ४ केबीच्या तुकड्यांतच चालतं. ॲप बंद पडत नाही, पण बोट लावल्यावर स्क्रीन हलतच नाही.

हळूपणा एक वेळ सोसता येईल. झीज भरून येत नाही. ही स्टोरेज चिप फ्लॅश मेमरीची. तिच्यात नवं लिहायचं तर आधी जुना अख्खा ब्लॉक, म्हणजे मेमरीचा एक कप्पा, पुसावा लागतो, आणि असं पुसणं प्रत्येक ब्लॉकला ठराविक वेळाच सोसतं, साधारण काही हजार वेळा. १६ जीबीच्या टॅबमध्ये सिस्टीम आणि फोटो भरल्यावर मोकळी जागा उरते किती? झीज वाटून घ्यायला जागाच नाही. त्यात स्वॅप दिवसभर लिहीत राहतो. शेवटी टॅब कंपनीच्या लोगोवरच अडकतो. आतले फोटो, पोराच्या वह्यांची पानं, सगळंच जाण्याची भीती. चिप बदलता येते, पण त्या कामाला जुन्या टॅबच्या किमतीपेक्षा जास्त पैसे पडू शकतात.

ॲपलनं २०२२ मध्ये आयपॅडओएस १६ या आयपॅडच्या सिस्टीमबरोबर स्वॅपची सोय जाहीर केली, तीसुद्धा फक्त एम१ चिपच्या आयपॅडना. त्याच चिपचा ६४ जीबीचा आयपॅड एअर त्यातून वगळला. एवढ्या वेगवान यंत्रालाही २५६ जीबीची अट घातली, तिथं आपल्या दहा वर्षं जुन्या टॅबचं काय घेऊन बसायचं!

(दृश्य: टॅबचं सेटिंग्ज पान.)

झेडरॅम नावाची सोय मात्र स्वॅपपेक्षा वेगळी. ती रॅममधलीच माहिती दाबून बसवते, स्टोरेजवर काही लिहीत नाही. अँड्रॉइड ४.४ पासून तिची सोय आहे. प्रोसेसरवर थोडा भार येतो, पण चिप झिजत नाही. नको असलेली ॲप काढा, ब्राउझरमध्ये एकच पान उघडं ठेवा, थोडी जागा कायम रिकामी राहू द्या.

आणि टॅबवर स्वॅप आधीच सुरू असेल, तर आज फोटो दुसरीकडं उतरवून घ्या, मगच स्वॅप बंद करा. स्वॅप एसडी कार्डावर असेल, तर बंद केल्याशिवाय कार्ड ओढू नका. चालू ॲप जागीच कोसळतात, कधी अख्खा टॅब.