डोक्याचा मार आणि जेलचं गेट

गोव्यात म्हापशाहून पुढे आलं की कोलवाळ, आणि हे इथलं सेंट्रल जेल. आग्वादच्या किल्ल्यातलं जुनं जेल बंद झालं, २०१५ पासून कैदी इकडे. तिकडे आता म्युझियम आहे, टुरिस्ट सेल्फी काढतात. आज बोलायचंय ते ह्या गेटातून आत जाणाऱ्या माणसाच्या डोक्याबद्दल, म्हणजे अगदी कवटीच्या आत काय झालंय त्याबद्दल.

बाहेरच्या देशांत ह्यावर बरंच काम झालंय. २०१० साली बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर साधारण ६० टक्के कैद्यांना कधी ना कधी मेंदूला मार बसलेला निघाला. जेलबाहेरच्या लोकांत हा आकडा १०-१२ टक्क्यांच्या आसपास धरतात. स्कॉटलंडच्या जेलमधल्या बायकांत तर ७८ टक्के, आणि त्यातल्या बहुतेकींना मारणारा घरातलाच.

आता गोव्यात डोकं फुटायला काय लागतं सांगा. स्कूटर, रात्रीची वेळ, हेल्मेट डिकीत. किंवा पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, डोक्यावर हेल्मेट आणि मागे बसलेला तसाच. १०८ येते, बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, नेतात, सीटी स्कॅन क्लिअर, टाके घातले, घरी. घरचे म्हणतात वाचला, देव पावला. पण हलक्या इजेत सीटीवर बऱ्याचदा काही दिसतच नाही.

मेंदू मऊ असतो, झटका बसला की कपाळामागचा भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासतो, आणि राग आवरणं, थांबून विचार करणं ही सगळी कामं त्याच भागाची. वासाच्या नसाही तिथेच, त्या तुटल्या तर घरी हुमण करपत असतं आणि ह्याला पत्ताच नाही.

हाच माणूस जेलात गेला की वॉर्डर एका दमात चार कामं सांगतो, ह्याच्या डोक्यात एकच राहतं, झालं, मुजोर ठरला. बराकीतला गोंगाट, ट्यूबलाइट, डोकं ठणकतंय, कुणाचा धक्का लागला की हात उचलला, परत शिक्षा. वकिलाला मागच्या तारखेला एक सांगितलं, आता दुसरंच, म्हणजे खोटारडा. आणि २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार भारतातले चारातले तीन कैदी अंडरट्रायल, म्हणजे ह्या खोटारड्याची केस अजून चालूच आहे.

मार बसला म्हणून गुन्हा केला, इतकं सरळ नाहीय हे. दारू, गरिबी, लहानपणची मारझोड, सगळा गुंता. कधी पिऊन पडतो, कधी पडल्यावर पिणं वाढतं. ज्याचं माणूस ह्याने मारलं त्याला हे ऐकून राग येईल, येणारच.

पण विचारायला काय जातं? अमेरिकेत ओहायोत एक प्रश्नावली तयार झालीय, मशीन नको, पाचेक मिनिटांचं काम. डोक्याला कधी मार लागला, शुद्ध गेली होती का, किती वेळ, पहिल्यांदा किती वय होतं. आत घेताना कैद्याची मेडिकल होतेच, त्यातच हे घाला असं माझं मत. उत्तर हो आलं तर एका वेळी एकच सूचना, तारीख कागदावर लिहून हातात, सांगितलेलं त्याच्याच तोंडून परत म्हणवून घ्यायचं, वकिलालाही कळवायचं. आणि बायकांच्या वॉर्डात नुसतं अपघात झाला होता का विचारलं तर नाही असंच येणार, तिथे भिंतीवर डोकं आपटलं होतं का, गळा दाबला होता का, असं सरळ विचारावं लागतं, आणि तेही बाईनेच.